मॉरिशसमध्ये शहरं पाचच का?

मॉरिशस म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्र येतो, फार तर उसाचे मळे. शहर काही येत नाही. त्यात आपली फारशी चूकही नाही, कारण साडेबारा लाख वस्तीच्या या देशात सरकारदरबारी शहर म्हणून नोंद असलेली ठिकाणं फक्त पाच आहेत: पोर्ट लुई, बो बासँ–रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा–फिनिक्स आणि क्यूरपीप.

पहिलं राजधानीचं, बंदरावरचं. उरलेली चार प्लेन विल्हेम्स नावाच्या एकाच जिल्ह्यात, समुद्रापासून वर चढत जाणाऱ्या पठारावर एकाला एक खेटून बसली आहेत. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे नवख्या माणसाला पाटी वाचल्याशिवाय कळायचं नाही. बाकी उत्तर, पूर्व, दक्षिण असं उरलेलं सगळं बेट धुंडाळलं तरी शहर सापडत नाही. हॉटेलं, बार आणि परदेशी पाहुण्यांनी गजबजलेलं ग्राँ बे? खेडं. वीस हजारांच्या वर वस्ती असलेलं त्रियोले? तेही खेडं. विमानतळाजवळचं, दोनशे वर्षांपूर्वी आखून वसवलेलं, बाजारपेठ आणि संग्रहालय असलेलं माहेबूर? कायद्यानं खेडंच.

याहून चमत्कारिक गोष्ट आकड्यांत आहे. जागतिक बँकेच्या तक्त्यांत १९९० साली मॉरिशसची सुमारे ४४ टक्के लोकसंख्या शहरी होती. आज ती ४१ टक्क्यांच्या आसपास आहे. याच काळात देश चांगला श्रीमंत झाला. देशात पैसा येतो तशी माणसं शहराकडे धावतात, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. इथे उलटं कसं झालं?

उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं, शिडाच्या जहाजांपर्यंत.

डच लोक १५९८ मध्ये या बेटावर आले ते आग्नेयेकडच्या खाडीत, आजच्या ग्राँ पोरला. १६३८ मध्ये त्यांनी तिथेच वस्ती केली आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. मॉरिशसवर वर्षाचे बहुतेक महिने वारा आग्नेयेकडून वाहतो. त्यामुळे ग्राँ पोरच्या खाडीत जहाज वाऱ्याबरोबर सहज आत यायचं. बाहेर काढताना मात्र तोच वारा तोंडावर. माल भरून तयार असलेलं जहाज वाऱ्याची मर्जी फिरेपर्यंत अडकून पडायचं. वायव्येकडच्या बंदरात नेमकी उलटी सोय होती. पाठीशी डोंगरांची रांग, त्यामुळे पाणी शांत, आणि निघायचं तर वारा पाठीमागून. डचांनंतर आलेल्या फ्रेंचांना हे लवकर उमगलं. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने यांनी पोर्ट लुईला गोदी, इस्पितळ, पाणी आणणारा कालवा असं सगळं उभारलं आणि राजधानीचा प्रश्न कायमचा मिटवला.

आग्नेयेला पुन्हा एकदा संधी मिळाली होती. १९व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच गव्हर्नर जनरल दकाँ यांनी तिथे माहेबूर वसवलं. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्याच समुद्रात फ्रेंच आरमारानं इंग्रजांना असं काही झोडपलं, की त्या लढाईचं नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलं आहे. पण नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्रज उत्तर किनाऱ्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये बेट घेऊन बसले. माहेबूर मागे पडलं ते पडलंच. सरळ रेषेतले रुंद रस्ते आजही सांगतात की हे गाव कुणीतरी मोठं स्वप्न बघून आखलं होतं.

पोर्ट लुई वाढत गेलं. पण वारा अडवणारे डोंगर उकाडाही कोंडून ठेवतात. शहर परातीत बसवल्यासारखं झालं: तीन बाजूंनी डोंगर, चौथीकडे समुद्र. गटारं तुंबलेली, वस्ती दाट. आणि १८६६ च्या सुमारास तिथे ताप आला.

मॉरिशसच्या शहरांची गोष्ट कुठे वळण घेते असं विचाराल, तर इथे. तोवर या बेटावर हिवतापाची साथ कधी आलेली नव्हती. जंगल तोडून उसाखाली आणलेली जमीन, जागोजागी साचलेलं पाणी आणि हिंदी महासागराच्या दोन्ही बाजूंनी सतत येणारी माणसांनी भरलेली जहाजं. त्यांतून रोगही आला आणि तो पसरवणारा डासही. बेटाची वस्ती तेव्हा सव्वातीन लाखांच्या घरात होती. त्यातली तीस हजारांच्या वर माणसं एकट्या १८६७ साली गेली. म्हणजे दहातलं एक माणूस, एका वर्षात. त्यातही मार बसला तो किनाऱ्याला आणि पोर्ट लुईला.

ताप डासांमुळे येतो हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. ते कोडं रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला सोडवलं. (पुढे १९०७ मध्ये हेच रॉस सरकारच्या बोलावण्यावरून मॉरिशसला आले आणि हिवताप कसा आवरायचा याचा भलाथोरला अहवाल लिहून गेले.) पण लोकांना एक गोष्ट उघड दिसत होती: जसजसं वर चढावं तसतसा ताप कमी. पठारावर हवा गार, आणि गारव्यात हा डास टिकत नाही. कारण त्यांनी चुकीचं लावलं, खालची हवाच वाईट असं म्हटलं. पण काढलेला पळ बरोबर दिशेला होता.

आता योगायोग बघा. ऊस बंदरापर्यंत आणण्यासाठी इंग्रजांनी १८६४ मध्ये उत्तरेकडची रेल्वे सुरू केली आणि १८६५ मध्ये दुसरी: पोर्ट लुईहून पठारावर चढणारी, क्यूरपीपवरून पलीकडे माहेबूरला उतरणारी. साथ आली ती यानंतर लगेच. म्हणजे पळून जायची गरज निर्माण व्हायच्या जेमतेम वर्षभर आधी पळायची सोय तयार होती. गाडी नसती तर साहेब, वकील, व्यापारी यांना पोर्ट लुई आणि धंदा दोन्ही सोडावे लागले असते. गाडी होती म्हणून त्यांनी बिऱ्हाड वर नेलं आणि कचेरी खालीच ठेवली. आपल्याकडे साहेब लोक उन्हाळ्यापुरते महाबळेश्वरला जायचे आणि पाऊस लागला की परत यायचे. मॉरिशसमध्ये सगळा वरचा वर्ग महाबळेश्वरला कायमचा राहायला गेला आणि रोज सकाळी गाडी पकडून कामाला उतरू लागला, असं समजा. कात्र बोर्न, वाक्वा, फिनिक्स ही सगळी याच लोहमार्गाच्या आसपास वाढली.

उंचीप्रमाणे समाजही गाळला गेला. सगळ्यात वर, साडेपाचशे मीटरवर, क्यूरपीप: मळेवाले गोरे, त्यांच्या बागा, बांबूची कुंपणं. त्याखाली रोझ हिल आणि बो बासँ: मिश्रवंशी कुटुंबं, कारकून, शिक्षक. आणि पोर्ट लुईत ज्यांना सोडून जाणं परवडणारं नव्हतं किंवा ज्यांचं पोट बंदरावर होतं ते राहिले: गोदी कामगार, चिनी दुकानदार, गुजराती मुसलमान व्यापारी. ही वाटणी आज पुसट झाली आहे, पण पुसलेली नाही.

क्यूरपीपबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इतकं हट्टानं वसलेलं शहर क्वचित बघायला मिळतं. तिथे पाऊस थांबत नाही. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मधल्या पठारावर काही ठिकाणी ४००० पर्यंत. आणि हे अंतर मोटारीनं तासाभराचंसुद्धा नाही. क्यूरपीपला दोनच ऋतू, एक छोटा पावसाळा आणि एक मोठा पावसाळा, असा विनोद मॉरिशसवाले स्वतःच करतात. भिंतींना ओल, कपाटात बुरशी, जुलै-ऑगस्टात (तिथला हिवाळा) स्वेटर. केवळ तापाच्या भीतीनं माणसं इथे राहिली, आणि एकदा राहिली तेव्हा थाटात राहिली. नगरपालिकेची इमारत बघा. पांढरी, लाकडी, चार कोपऱ्यांना बुरूज असलेला देखणा क्रिओल वाडा आहे. तो मुळात क्यूरपीपचा नाहीच. मोका गावातला हा आख्खा वाडा उकलून, १९०२ साली इथे आणून पुन्हा उभा केला. नव्या शहराला प्रतिष्ठेची इमारत हवी होती. बांधण्यापेक्षा उचलून आणणं सोपं वाटलं असावं.

हे झालं पाच शहरांचं. पण अर्ध्याहून जास्त देश त्यांच्या बाहेर राहतो. त्याची गोष्ट साखरेची आहे, आणि आपल्या माणसांची.

१८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. सुटलेल्या बहुतेक गुलामांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. कोण किनाऱ्याला गेलं, कोण पोर्ट लुईच्या कडेला. हे होणार असं दिसताच मळेवाल्यांनी आधीच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. १८३४ पासून पुढे ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरली, तो आज आप्रवासी घाट म्हणून जागतिक वारसास्थळ आहे. धक्क्यावरून आत जायच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले सगळ्यात जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आलेले मराठी, बरेचसे कोकणपट्टीचे.

ही माणसं राहायची मळ्यावरच्या चाळवजा वस्तीत. जमीन मालकाची, खोली मालकाची. अशा वस्तीचं गाव होत नाही. गावं झाली ती १८७० नंतर, आणि तीही मालकाच्या अडचणीमुळे. युरोपात बीटपासून साखर निघू लागली, भाव पडले, मळेवाले कर्जात बुडाले. त्यांनी मळ्याच्या कडेकडेची, कमी पिकाची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. विकत घेतली कुणी? पै पै साठवलेल्या मजुरांनी. तुकडे पाडण्याच्या या पद्धतीला मोर्सेलमाँ म्हणतात, आणि हा शब्द मॉरिशसमध्ये आजही रोजच्या वापरात आहे. आपण प्लॉटिंग म्हणतो तसा.

तुकडे रस्त्याच्या कडेनं पाडलेले, म्हणून गावंही रस्त्याच्या कडेनं लांबच लांब. त्रियोले हे त्याचं उत्तम उदाहरण: कित्येक किलोमीटर नुसता रस्ता आणि दुतर्फा घरं. मध्ये शिवाला (शंकराचं देऊळ), मशीद, आणि बैठका, म्हणजे दिवसभर ऊस तोडून आलेल्यांनी संध्याकाळी पोरांना आपली भाषा आणि रामायण शिकवायची जागा. मराठी वस्ती जास्त करून पश्चिमेला ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि वाक्वाच्या आसपास झाली. कास्कावेलला विठ्ठल-रखुमाईचं मंदिर आहे. वाक्वाजवळच्या हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसतो असं सांगतात. गणेश चतुर्थीची तिथे देशभर सरकारी सुट्टी असते, आणि मूर्ती नदीत किंवा समुद्रात नेताना मराठी नसलेलेही बरोबर चालतात.

आता कायदा. नगरपालिका निघाल्या त्या जिथे मताला वजन असलेला वर्ग राहत होता तिथे: आधी पोर्ट लुई, मग १८९० च्या आगेमागे क्यूरपीप, मग पठारावरची बाकीची. मजुरांच्या गावांना ग्रामपरिषदा मिळायला पुढची अर्धी-पाऊण शताब्दी जावी लागली. १९६६ मध्ये पोर्ट लुईला महानगराचा दर्जा मिळाला, १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि त्या सुमारास शहरांची यादी पाचवर थांबली ती आजतागायत. थांबण्यात गावकऱ्यांचीही सोय होती. शहरात घर असेल तर पालिकेला घरपट्टी भरायची; खेड्यात वर्षानुवर्षं अशी पट्टीच नव्हती. आपलं गाव शहर व्हावं म्हणून कोण कशाला अर्ज करेल? पालिकांच्या कारभाराचंही फार कौतुक नाही. २०१५ नंतरची पालिका निवडणूक सरकारनं पुन्हापुन्हा पुढे ढकलली आणि ती झाली थेट मे २०२५ मध्ये. हे वाचून मुंबई-पुण्यातल्या वाचकांनी हसू नये.

म्हणजे शहरी टक्का घसरण्याचं निम्मं कारण यादी गोठली हे आहे. उरलेलं निम्मं जास्त रंजक आहे: मॉरिशसमध्ये माणसांना शहरात यायची फारशी गरजच पडली नाही.

१९७० मध्ये सरकारनं निर्यात करणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा केला. इतर देशांत अशा सवलतींसाठी एक कुंपण घातलेला पट्टा असतो आणि त्याच्याभोवती झोपडपट्टी वाढते. मॉरिशसनं कुंपण घातलंच नाही. कारखाना बेटावर कुठेही काढा, सवलत मिळेल. परिणाम असा की स्वेटर आणि शर्ट शिवणारे कारखाने सरळ खेड्यांत गेले, कारण कामगार, विशेषतः बायका, तिथेच होत्या. सकाळी बसनं दहा-पंधरा मिनिटांत कामावर, संध्याकाळी घरी. बेट उभं ६५ किलोमीटर, आडवं ४५. बस सगळीकडे जाते. मग बापाच्या मोर्सेलमाँवरचं घर सोडून पोर्ट लुईत भाड्यानं राहायचं कशासाठी? त्यापेक्षा घरावर मजला चढवावा. १९६० च्या कॅरोल चक्रीवादळानं लाकूड-पत्र्याची घरं उडवून दिल्यावर लोकांनी सपाट छताची काँक्रीटची घरं बांधायला घेतली होतीच. वर सळ्या सोडायच्या, मुलाचं लग्न ठरलं की स्लॅब टाकायचा. मॉरिशसची वाढ अशी उभी झाली, खेड्यातल्या खेड्यात.

तेवढ्यात किनाराही मोकळा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची मोहीम झाली आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मॉरिशसला हिवतापमुक्त जाहीर केलं. ज्या भीतीनं माणसं डोंगरावर चढली होती ती भीतीच उरली नाही. आजोबांनी क्यूरपीपला बांधलेल्या ओलसर वाड्यातून नातवंडं उन्हात, किनाऱ्याकडे उतरू लागली, आणि हॉटेलंही तिथेच आली. ग्राँ बे आणि फ्लिक आँ फ्लाकचं भाग्य उघडलं ते यामुळे. क्यूरपीपची वस्ती आज ऐंशी हजारांच्या आत आहे आणि बाजारपेठेत जुन्या वैभवाची आठवण काढणारे दुकानदार भरपूर.

ताजं प्रकरण पुन्हा साखरेचंच. १८५८ साली बेटावर अडीचशेच्या वर साखर कारखाने होते, आता तीन. युरोपनं २००६ ते २००९ मध्ये साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवल्यावर मळेवाल्या कंपन्यांच्या ध्यानात आलं की उसापेक्षा ऊस लावलेली जमीन महाग आहे. कात्र बोर्नजवळच्या शेतात सरकारनं भारताच्या कर्जसाहाय्यानं एबेनची सायबर सिटी उभारली होतीच. २०१५ मध्ये स्मार्ट सिटीची योजना आली आणि मोका, बो प्लाँ, मेदीन इथे साखर कंपन्यांनी स्वतःच्या जमिनीवर ऑफिसं, शाळा, मॉल, बंगले काढले. मेदीनची नवनगरी उभी राहिली कास्कावेलला लागून. विठ्ठलमंदिराच्या गावाशेजारी आज मॉल आहे, विद्यापीठाचे वर्ग आहेत. यांतल्या एकालाही नगरपालिका नाही. दीडशे वर्षांपूर्वी नाइलाजानं तुकडे पाडून जमीन विकणारे आणि आज चकचकीत माहितीपत्रक छापून विकणारे बऱ्याच ठिकाणी तेच मळे आहेत, गिऱ्हाईक बदललं. मला यात थोडी चिंता वाटते. शहर खाजगी कंपनीनं बांधावं इथवर ठीक, पण ते चालवायचंही तिनंच म्हटल्यावर तिथल्या रहिवाशानं गटाराची तक्रार कुणाकडे मतपेटीतून करायची?

पोर्ट लुईकडे मात्र अजून रोज सकाळी सगळं बेट येतं. न्यायालयं, मंत्रालयं, बँका तिथेच. सकाळी महामार्गावर दोन्ही बाजूंनी मोटारींची रांग, आणि संध्याकाळी सहानंतर बाजाराच्या गल्ल्या ओस. शिवाय डोंगरांच्या त्या परातीत पाणी साचतं: ३० मार्च २०१३ च्या पुरात ११ माणसं गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळात मोटारी रस्त्यांवरून वाहताना जगानं पाहिल्या.

रहदारीवर उतारा म्हणून मेट्रो आली. प्रवासी आगगाडी १९५६ मध्ये बंद करून मॉरिशसनं बसवर भिस्त ठेवली होती. बसस्थानकांना मात्र लोक आजही ‘लागार’, म्हणजे स्टेशनच म्हणतात. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोनं भारताच्या मदतीतून बांधलेल्या मेट्रोच्या रोझ हिलपर्यंतच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०१९ मध्ये झालं आणि २०२२ च्या ऑक्टोबरात गाडी क्यूरपीपला पोहोचली. २६ किलोमीटरचा हा मार्ग बराचसा १८६५ च्या जुन्या लोहमार्गाच्या जागेवरून जातो: पोर्ट लुईचं व्हिक्टोरिया स्थानक, बो बासँ, रोझ हिल, कात्र बोर्न, फिनिक्स, वाक्वा, क्यूरपीप. जुनी जागा मोकळी होती म्हणून तेच स्वस्त पडलं हे खरं. पण नवी वस्ती उत्तरेला आणि पश्चिमेला, खेडी म्हणवणाऱ्या गावांत होते आहे. ग्राँ बे, गुडलँड्स, त्रियोले किंवा कास्कावेलला अजून रूळ नाहीत. तिथला माणूस बस धरतो, नाहीतर कर्ज काढून मोटार घेतो आणि सकाळच्या त्या रांगेत येऊन उभा राहतो.